स्पेअर कुठे आहे?

ईएमपी हा शब्द आपल्यातल्या बहुतेकांना आधी सिनेमातून कळतो आणि मग सिलॅबसमधून, तोही कळलाच तर! सिनेमात काय होतं ते सगळ्यांना पाठ आहे. आकाशात लख्ख उजेड पडतो, शहरातले दिवे पटापट विझतात, चालत्या गाड्या जागच्या जागी थांबतात आणि हिरोच्या हातातलं घड्याळसुद्धा बंद पडतं. त्या रात्री होस्टेलवर चर्चा रंगते. "आपल्यावर कुणी टाकला तर?" "टाकू दे, आपल्याकडे बीएआरसीत काली आहे. एका फटक्यात समोरच्याचं सगळं जाळेल!" रात्री दीडला सुरू झालेली ही राष्ट्रीय सुरक्षेची चर्चा अडीचला मॅगीपाशी येऊन संपते.

माझं म्हणणं एवढंच आहे, की धोका खोटा नाही, पण आपण तो चुकीच्या ठिकाणी शोधतोय. आकाशात शोधतोय, आणि तो बसलाय इथे भोसरी एमआयडीसीत, सबस्टेशनच्या जाळीच्या कंपाउंडमध्ये. हे पटायला आधी थोडी फिजिक्सची उजळणी करावी लागेल. कंटाळू नका, व्हायव्हाला उपयोगी पडेल.

अणुबॉम्ब जमिनीच्या जवळ फुटला तर काय होतं ते हिरोशिमानं जगाला दाखवलं. तोच बॉम्ब वातावरणाच्या वर, शेकडो किलोमीटर उंचीवर फोडला तर खाली ना धक्का जाणवतो ना आग लागते. पण त्यातून निघालेले गॅमा किरण वातावरणाच्या वरच्या थरातल्या अणूंवर आदळतात आणि त्यातले इलेक्ट्रॉन सुटे करतात. (कॉम्प्टन परिणाम, बारावीला होता. आठवा!) हे इलेक्ट्रॉन पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात वळतात, आणि वळता वळता एक जबरदस्त विद्युतचुंबकीय स्पंद खाली पाठवतात. त्याचे तीन भाग मानतात. पहिला ई-१. तो काही नॅनोसेकंदांत चढतो आणि जमिनीवर मीटरला ५० हजार व्होल्टपर्यंत जाऊ शकतो. दुसरा ई-२, साधारण विजेच्या कडकडाटासारखा, त्याच्याशी आपली लायटनिंग अरेस्टरवाली मंडळी बऱ्यापैकी झुंजू शकतात. तिसरा ई-३ म्हणजे संथ, काही सेकंदांपासून मिनिटांपर्यंत रेंगाळणारा. सिनेमावाल्यांना पहिला आवडतो. इलेक्ट्रिकलवाल्यांनी तिसऱ्याला घाबरायला हवं.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. ९ जुलै १९६२ रोजी (हवाई बेटांवर तेव्हा ८ जुलैची रात्र होती) अमेरिकेने पॅसिफिक महासागरावर, सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर १.४ मेगाटनचा बॉम्ब फोडला. चाचणीचं नाव स्टारफिश प्राइम. तिथून जवळजवळ १,४५० किलोमीटर लांब असलेल्या होनोलुलूत रस्त्यावरचे सुमारे ३०० दिवे गेले, चोर पकडायच्या घंटा आपोआप वाजल्या आणि एक मायक्रोवेव्ह टेलिफोन दुवा बंद पडला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सोव्हिएत युनियनने कझाकस्तानवर चाचणी केली. तिथे ५७० किलोमीटर लांब टेलिफोन लाइनचे फ्यूज उडाले आणि जमिनीखाली पुरलेली हजार किलोमीटरची वीजवाहिनीही ट्रिप झाली. पुरलेली केबल! 'अंडरग्राउंड केलं की सेफ' असं म्हणणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

पण नाण्याची दुसरी बाजूही बघा. होनोलुलूत ३०० दिवे गेले म्हणजे बाकीचे बहुतेक सगळे चालूच राहिले. अमेरिकेच्या संसदेने २००१ साली नेमलेल्या ईएमपी आयोगाने ३७ मोटारी अशा स्पंदाखाली ठेवून बघितल्या. त्यातल्या तीन चालता चालता बंद पडल्या, आणि पुन्हा स्टार्टर मारल्यावर सुरू झाल्या. आजच्या गाड्यांत तेव्हापेक्षा कितीतरी जास्त इलेक्ट्रॉनिक्स आहे, त्यामुळे तो निकाल आज जसाच्या तसा लागू धरता येणार नाही. तरीही 'सगळ्या गाड्या एका क्षणात बंद' हे चित्र काही खरं नाही. कारण सोपं आहे. स्पंद पकडायला अँटेना लागतो. खिशातला मोबाइल केवढा, त्यात वायर किती लांब? चाकणपासून लोणीकंदपर्यंत गेलेली ४०० केव्हीची लाइन मात्र कित्येक किलोमीटरचा अँटेना आहे. जितका कंडक्टर लांब तितका मार मोठा. म्हणून हिरोचं घड्याळ वाचेल. आपला ग्रिड वाचेल का, हा प्रश्न आहे.

आता हल्ल्याचा हिशेब. स्पंद क्षितिजापर्यंत पोचतो, आणि क्षितिजाचं अंतर काढायचं सूत्र आपल्याला येतं. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर आणि उंची ४०० किलोमीटर धरली, दोघांच्या गुणाकाराची दुप्पट करून वर्गमूळ काढलं, की सुमारे २,२५० किलोमीटर येतात. नागपूरच्या डोक्यावर कुणी असा बॉम्ब फोडला तर काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत सगळा देश त्या वर्तुळात येतो. घाबरलात? थांबा. त्याच वर्तुळात लाहोर येतं, ढाका येतं, कोलंबो येतं आणि तिबेटही येतो. म्हणजे फोडणाऱ्याचं स्वतःचं तरी घर त्यात येतं किंवा त्याच्या मित्राचं. शिवाय जो देश अण्वस्त्र वापरायला निघालाय तो नुसते आपले राउटर जाळून थांबेल, असं मानायला फार मोठा आशावाद लागतो. हा हल्ला म्हणजे अणुयुद्धच, आणि अणुयुद्ध टाळायचं काम मुत्सद्द्यांचं आणि सैन्याचं आहे. ते भोसरीत बसून होत नाही.

कालीबद्दलही एकदाचं बोलून टाकू, म्हणजे रात्रीची झोप वाचेल. काली म्हणजे किलो अँपिअर लिनियर इंजेक्टर. ट्रॉम्ब्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात १९८० च्या दशकात सुरू झालेला प्रकल्प आहे. अगदी थोड्या क्षणासाठी इलेक्ट्रॉनांचा प्रचंड ताकदीचा झोत तयार करणारं हे यंत्र आहे. त्या झोतापासून एक्स-रेचा किंवा सूक्ष्मलहरींचा स्पंद मिळवता येतो, आणि तशा माऱ्यापुढे आपलं इलेक्ट्रॉनिक्स टिकतं का याचा अभ्यास करता येतो. शत्रूची क्षेपणास्त्रं हवेत भाजून काढणारी देवी वगैरे जे फॉरवर्ड फिरतात ते वाचून पुढे पाठवू नका. मला तर वाटतं, कालीचं खरं महत्त्व ती तपासणीसाठी कामाची आहे यातच आहे. पण आपल्याला तपासणीपेक्षा शस्त्राचं कौतुक जास्त!

बॉम्ब बाजूला ठेवला तरी एक हल्लेखोर उरतोच, आणि त्याला ना कुठल्या कराराची पर्वा आहे ना स्वतःच्या नुकसानीची. तो रोज सकाळी उगवतो. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावर एक प्रखर झळाळी पाहिली. त्यानंतर सुमारे साडेसतरा तासांत सूर्यातून सुटलेला भार पृथ्वीवर येऊन आदळला. युरोप-अमेरिकेतल्या तारऑफिसांत शॉक बसले, ठिणग्या उडाल्या, आणि काही ठिकाणी तर बॅटरी काढून टाकून नुसत्या त्या उसन्या करंटवर तारा पाठवल्या गेल्या. हे वर्णन सगळ्या पुस्तकांत असतं. त्या वादळाचा एक फार मोलाचा आकडा मात्र आपल्या मुंबईत, कुलाब्याच्या वेधशाळेत लिहिला गेला, हे आपल्याकडे किती जणांना माहीत असतं?

कुलाब्यात तेव्हा चुंबकीय सुईच्या नोंदी माणसं डोळ्यांनी बघून हाताने लिहीत. गडबड दिसली की नोंदी जवळजवळ घ्यायच्या, ही तिथली शिस्त. २ सप्टेंबर १८५९ ला पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक तिथे सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी खाली आला. त्या वहीतल्या आकड्यांवरून, जवळजवळ दीडशे वर्षांनी, २००३ मध्ये आपल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या लखिना आणि ॲलेक्स या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर त्या वादळाचा जोर मांडला. मोजलेल्या इतिहासातलं ते सगळ्यात तीव्र चुंबकीय वादळ मानलं जातं. तुलनेसाठी सांगतो, १३ मार्च १९८९ च्या वादळाचा निर्देशांक ६०० नॅनोटेस्लांच्या जरासा आतच होता. त्यात कॅनडातल्या क्यूबेक प्रांताचा अख्खा ग्रिड ९२ सेकंदांत कोसळला आणि साठ लाख लोक नऊ तास अंधारात बसले.

कुलाब्याची पुढची गोष्ट तर मला ईएमपीइतकीच आवडते. मुंबईत विजेची ट्राम येणार असं ठरलं, तेव्हा तिच्या करंटमुळे सुया बिघडणार हे उघड होतं. तेव्हाचे संचालक होते नानाभाई मूस. ट्राम धावू लागेपर्यंत वाट न बघता १९०४ सालीच चुंबकीय वेधशाळा अलिबागला सुरू केली गेली. पुढची दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी मोजमापं घेतली, म्हणजे नोंदींची साखळी तुटू नये. ट्राम धावली १९०७ मध्ये! अलिबागची वेधशाळा आजही चालू आहे. धोका येण्याआधी तयारी करणं आपल्या स्वभावात नाही असं म्हणणाऱ्यांना समुद्रकिनाऱ्याच्या ट्रिपमध्ये एकदा ती वेधशाळा दाखवायला हवी.

आपण क्यूबेकपेक्षा विषुववृत्ताच्या बरेच जवळ आहोत, त्यामुळे सूर्याच्या वादळाचा आपल्या ग्रिडला धोका त्यांच्यापेक्षा कमीच, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. १०-११ मे २०२४ चं वादळ दोन दशकांतलं सगळ्यात मोठं होतं, लडाखमधल्या हानले इथे आकाश लाल दिसलं, पण भोसरीत ट्यूबलाइटसुद्धा लुकलुकली नाही. सूर्यावर पाळत ठेवायला आदित्य-एल१ आहे, आणि त्यावरची सूट ही दुर्बीण पुण्याच्या आयुकाच्या नेतृत्वाखाली तयार झालेली आहे. तिकडची बाजू बरी आहे. मला काळजी आहे ती जमिनीवरची.

बॉम्बचा ई-३ असो की सूर्याचं वादळ, दोघांचा वार एकाच ठिकाणी बसतो. जमिनीत एक संथ, जवळजवळ डीसी असा करंट वाहू लागतो. तो ट्रान्सफॉर्मरच्या अर्थ केलेल्या न्यूट्रलमधून वर चढतो. एसीसाठी बनवलेल्या कोअरला डीसी पचत नाही. सायकलच्या एका अर्ध्या भागात कोअर सॅच्युरेट होतो, हार्मोनिक्स सुटतात, रिॲक्टिव्ह पॉवरची मागणी वाढते, रिले गोंधळून ट्रिप होतात, आणि फारच वाईट झालं तर टाकीच्या आत वाइंडिंग भाजून निघतं. मशीन्सच्या पेपरला 'मॅग्नेटायझिंग करंटचा वेव्हफॉर्म काढा' हा चार मार्कांचा प्रश्न येतो ना, तोच हा.

आणि ट्रान्सफॉर्मर गेला म्हणजे काय, हे भोसरीला कुणी शिकवायची गरज नाही. मार्च २०२२ मध्ये इथल्या महापारेषणच्या २२० केव्ही उपकेंद्रातला १०० एमव्हीएचा ट्रान्सफॉर्मर निकामी झाला. बॉम्ब नव्हता, वादळ नव्हतं. एक नग गेला, आणि भोसरी-आकुर्डी पट्ट्यातल्या हजारो घरांचा आणि कारखान्यांचा पुरवठा तुटला. दुसरीकडून लोड फिरवून टप्प्याटप्प्याने वीज द्यावी लागली. त्याच्या जेमतेम दीड महिना आधी, ९ फेब्रुवारी २०२२ च्या पहाटे, दाट धुकं आणि दवामुळे लोणीकंद-चाकण भागातल्या ४०० केव्ही लाइन ट्रिप झाल्या आणि पुणे, पिंपरी-चिंचवड, चाकण सगळीकडे सकाळ अंधारात उजाडली. धुकं, राव! अणुबॉम्ब नाही, धुकं.

आता असा एक नाही, एकाच दिवशी राज्यातले दहा ट्रान्सफॉर्मर गेले असं समजा. मोठा पॉवर ट्रान्सफॉर्मर काही टेल्को रोडच्या दुकानात मिळत नाही. तो बहुतेक वेळा त्या जागेच्या व्होल्टेजप्रमाणे, टॅपिंगप्रमाणे ऑर्डर देऊन करून घ्यावा लागतो. ऑर्डरपासून चार्जिंगपर्यंत महिने जातात. अलीकडे जगभर मागणी वाढल्यामुळे मोठ्या नगांसाठी वर्ष-वर्ष आणि त्याहून जास्त थांबावं लागतंय. आला तरी तो आणायला खास ट्रेलर, पुलांची तपासणी, रस्त्याची परवानगी आलीच. नाशिक फाट्यावर साधा कंटेनर आडवा झाला तर काय होतं ते आपण बघतोच.

एवढे दिवस भोसरीने काय करायचं? इथलं उद्योगाचं चित्र मोठ्या कंपन्यांच्या गेटवरून दिसत नाही. ते शेडमध्ये दिसतं. दोन सीएनसी, एक व्हीएमसी, चार-पाच माणसं आणि डोक्यावर बँकेचा हप्ता. मोठ्या कंपनीकडे डीजी सेट असतो, डिझेलचा साठा असतो. शेडवाल्याकडे इन्व्हर्टर असतो, तोही ऑफिसातल्या पंख्यापुरता. जॉब निघाला नाही तर बिल नाही आणि बिल नाही तर पगार नाही. कंत्राटावरच्या किंवा पीस रेटवरच्या कामगाराला तर 'लाइट नाही' म्हणजे सरळ 'आज खाडा'. मी इनप्लांट ट्रेनिंगला ज्या छोट्या शॉपमध्ये होतो तिथल्या सुपरवायझर काकांना मी मोठ्या उत्साहाने ईएमपी समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते सगळं ठीक आहे हो, पण मशीन परत चालू झालं तर पॅरामीटर राहतील का?" मला वाटतं, राष्ट्रीय सज्जतेवर मी ऐकलेला हा सगळ्यात नेमका प्रश्न. जुन्या कंट्रोलरमध्ये पॅरामीटर बॅटरीवर जपलेले असतात. बॅकअप कार्डवर घेतलेलं नसेल तर वीज येऊनही मशीन मुकं उभं राहतं.

घरातलंही बघा. पिंपरी-चिंचवडचं पिण्याचं पाणी पवना नदीतून रावेतला उचलतात आणि निगडीच्या सेक्टर २३ मध्ये शुद्ध करतात. दोन्हीकडे पंप, दोन्हीकडे वीज. वीज काही तास गेली की दुसऱ्या दिवशीचं पाणी कमी दाबाने, हा इथला नेहमीचा अनुभव. वायसीएम हॉस्पिटलचे व्हेंटिलेटर, मोबाइलचे टॉवर, सिग्नल, पेट्रोल पंप. हो, पेट्रोल पंपही विजेवरच चालतो, म्हणजे जनरेटरसाठी डिझेल भरायलाही वीज लागते. आणि खिशात रोकड नसलेली आपली यूपीआय पिढी! मेसच्या मामांनी त्या दिवशी उधारी लिहायला वही काढली तर ठीक, नाहीतर उपास.

७ मे २०२५ ला देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला, तेव्हा त्याच्या यादीत पुण्याबरोबर पिंपरी-चिंचवडचंही नाव होतं. सायरन, ब्लॅकआउट, लोकांना सुरक्षित ठिकाणी हलवणं असा त्या सरावाचा आराखडा होता. चांगलंच आहे, करायलाच हवं. पण १९७१ च्या ब्लॅकआउटमध्ये दिवे आपण विझवत होतो, वर विमानाला दिसू नये म्हणून. आजचा धोका उलटा आहे. दिवे दुसराच कुणीतरी विझवणार, आणि ते परत लावायचे कसे याचा सराव आपल्याला हवा. 'तीन दिवस वीज नाही, नेटवर्क नाही' असं धरून वॉर्ड ऑफिस, हॉस्पिटल, पाणीपुरवठा आणि एमआयडीसी यांनी एकत्र सराव केला तर किती गोष्टी उघड्या पडतील! कुणाचा डीजी सेट सुरूच होत नाही, कुणाकडे डिझेल सहा तासांचंच आहे, चावी कुणाकडे आहे...

ग्रिडच्या पातळीवर असा विचार अजिबात होत नाही असं नाही. सगळं बंद पडल्यावर बाहेरच्या विजेशिवाय केंद्र सुरू करायचं, त्याला ब्लॅक स्टार्ट म्हणतात, आणि त्याचे सराव घ्यायची तरतूद ग्रिड कोडमध्ये आहे. आपल्या राज्याचं नशीब चांगलं, की कोयना आहे आणि सह्याद्रीतली खोपोली, भिवपुरी, भिरा ही टाटांची जुनी जलविद्युत केंद्रं आहेत. पाण्यावरचं केंद्र थंड अवस्थेतून झटकन उठतं, कोळशावरचं नाही. पण कागदावरची योजना आणि प्रत्यक्ष यात किती अंतर असतं ते १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईने बघितलं. ग्रिड कोसळला तरी शहर वेगळं होऊन चालू राहावं अशी आयलँडिंगची व्यवस्था मुंबईसाठी १९८० च्या दशकापासून होती. त्या दिवशी ती टिकली नाही. लोकल जागच्या जागी थांबल्या. नंतर परकीय सायबर हल्ल्याचा संशय राज्य सरकारने बोलून दाखवला, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी कारण मानवी चूक असल्याचं सांगितलं. वाद काहीही असो, लोकलमध्ये अडकलेल्या माणसाला त्याने काय फरक पडतो? तयारी कारण बघून करायची नसते. लाइन हॅकरने पाडली, धुक्याने पाडली की सूर्याने, परत उभी करायची पद्धत तीच आणि माणसंही तीच.

३१ डिसेंबर २०१३ ला सोलापूर-रायचूर लाइन जोडली गेली आणि अख्ख्या देशाचा ग्रिड एक झाला. अभिमान वाटावा अशीच गोष्ट. पण जाळं जेवढं मोठं तेवढी त्याची तुकड्यांत जगायची तयारीही हवी. जुलै २०१२ मध्ये उत्तर भारत लागोपाठ दोन दिवस कोसळला, दुसऱ्या दिवशी पूर्व भारतही कोसळला आणि साठ कोटींवर लोकांना फटका बसला, तेव्हा पश्चिम ग्रिड सुटा होऊन वाचला होता.

आणि तुकड्यात जगायची कला पुणेकरांना येते बरं का! २००६ साली राज्यभर लोडशेडिंगचा कहर होता. आपले मोठे भाऊ-बहीण तेव्हा कंदिलावर, नाहीतर मेणबत्तीवर अभ्यास करत होते. तेव्हा सीआयआयच्या पुढाकाराने पुण्यातल्या कंपन्यांनी कमाल मागणीच्या वेळी स्वतःचे डिझेल जनरेटर चालवले, आपल्या वाट्याची ग्रिडची वीज शहरासाठी सोडली, आणि त्या महागड्या विजेचा जादा खर्च जास्त वापर असलेल्या ग्राहकांकडून घेतला गेला. वीज नियामक आयोगाने त्याला मान्यता दिली. याला पुणे मॉडेल म्हणत. श्रीमंत शहराने पैसे देऊन अंधार खेड्यांकडे ढकलला अशी टीका तेव्हा झाली, आणि ती मला पूर्ण चुकीची वाटत नाही. तरीही त्यातून एक सिद्ध झालं, की कुणाकडे किती जनरेटर आहे, तो कधी चालवायचा आणि पैसे कुणी द्यायचे, हे आधी बसून ठरवलं तर इथले उद्योग आणि वीज कंपनी मिळून संकट हाताळू शकतात. तशीच यादी आज आणीबाणीसाठी का नसावी? फरक एवढाच, की या वेळी पहिला हक्क मॉलचा नसून वायसीएमचा आणि रावेतच्या पंपांचा असला पाहिजे.

माझी मुख्य मागणी मात्र स्पेअरची आहे. महत्त्वाच्या रेटिंगचे ट्रान्सफॉर्मर राज्या-राज्यांनी मिळून, शक्य तितके एकसारख्या डिझाइनचे बनवून, चार-पाच ठिकाणी तयार ठेवावेत. हे काम दिसायला अजिबात आकर्षक नाही. स्पेअर ट्रान्सफॉर्मरचं उद्घाटन करायला कुणी येत नाही, २६ जानेवारीला तो राजपथावरून (आता कर्तव्यपथ) मिरवता येत नाही. ऑडिटवाले विचारतात, एवढे कोटी रुपये नुसते पडून का? 'पडून राहणं हेच त्याचं काम' हे उत्तर फाइलवर लिहायला हिंमत लागते. काही जण म्हणतील, आधी रोजची वीज तर नीट द्या, मग या लांबच्या गोष्टी. पण स्पेअर रोजच्या बिघाडालाही चालतोच की. मार्च २०२२ ला कुठला हल्ला झाला होता?

उरलं आपलं काम. शील्डिंग म्हटलं की आपल्याला डीआरडीओ आठवतं. (दिघीची प्रयोगशाळा तशी हाकेच्या अंतरावर आहे.) पण फॅरडेचा पिंजरा म्हणजे शेवटी काय? नीट बनवलेली पत्र्याची पेटी. आणि पत्र्याच्या पेट्या बनवण्यात भोसरीचा हात कोण धरणार? इथल्या शेडमध्ये रोज कंट्रोल पॅनल बनतात. फक्त तपशील बदलतात. दाराच्या कडेला एक मीटरची फट राहिली तर ती १५० मेगाहर्ट्झच्या आसपास अँटेनासारखी वागते, म्हणून धातूचं गॅस्केट लागतं. गॅस्केट बसतं तिथे पावडर कोटिंग चढलं तर संपर्कच होत नाही, म्हणून कोटिंगआधी तिथे मास्किंग करायचं. केबल आत येते तिथेच तिची शील्ड पेटीला सगळीकडून जोडायची. ई-१ इतका जलद असतो, की सर्ज अरेस्टरची लांबलचक वायरसुद्धा त्याच्यापुढे इंडक्टर बनून आडवी येते, म्हणून लीड आखूड ठेवायची. यात एकही गोष्ट अशी नाही जी आपला फिटर करू शकत नाही. फक्त ड्रॉइंगवर कुणीतरी लिहायला हवी, आणि ती लिहिणारा आपल्यातलाच असणार. आपण मात्र ईएमसीचं युनिट ऑप्शनला टाकून मोकळे होतो. गाड्यांसाठी हे नियम कधीच आलेत, एआरएआयमध्ये त्याच्या चाचण्या होतात. मग पाण्याच्या पंपाच्या पॅनलला का नकोत?

अर्थिंगचं तर विचारूच नका. आपल्या पायाखाली बेसाल्टचा कातळ, वर जेमतेम मुरूम. पावसाळ्यात रीडिंग छान येतं आणि रिपोर्टला तेच लागतं. एप्रिल-मेमध्ये पिट कोरडा ठणठणीत, मीठ-कोळसा कधी घातला होता ते कुणाला आठवत नाही. सगळं संरक्षण ज्या मातीवर उभं आहे ती मातीच करंट घ्यायला तयार नसेल तर अरेस्टर बिचारा काय करणार?

तेव्हा फायनल इयरच्या मित्रमैत्रिणींनो, पुण्यातल्या दुकानातून आणलेला लाइन फॉलोअर रोबोट पाचव्यांदा सबमिट करण्यापेक्षा या वर्षी एक ग्रुप तरी असा करा. एमआयडीसीतले दहा शेड निवडा. उन्हाळ्यात त्यांचं अर्थ रेझिस्टन्स मोजा, सीएनसीच्या पॅरामीटरचा बॅकअप आहे का बघा, नसेल तर घेऊन द्या, आणि मालकांना कळेल अशा मराठीत दोन पानांचा रिपोर्ट द्या. मेगर आणि अर्थ टेस्टर आपल्या लॅबमध्ये आहेत, अजून प्लॅस्टिकसकट आहेत. इंडस्ट्रियल व्हिजिटला उपकेंद्रात नेलं तर फोटो काढून झाल्यावर तिथल्या इंजिनिअर साहेबांना स्पेअर किती आहेत, कुठे आहेत आणि इथे आणायला किती दिवस लागतील, ते विचारा. आणि जाता जाता एक घरचं. आपल्या होस्टेलच्या मागे जो जनरेटर आहे, त्याची खोली उघडायची चावी सुट्टीच्या दिवशी कुणाकडे असते, हे रेक्टर सरांनी नोटीस बोर्डवर लावलं तर फार उपकार होतील.